क्षीणन : उंबरठ्यावरचे एक टिपण

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी भाषांतरविद्येची अभ्यासपत्रिका शिकवते. चार वर्षांपूर्वी तिच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी मी मुद्दाम साहित्याबाहेरचा एक उतारा दिला होता. मेंदूतल्या चेतापेशींच्या सांध्यांविषयीचा. एका विद्यार्थिनीने ‘लाँग-टर्म डिप्रेशन’ या संज्ञेचे भाषांतर ‘दीर्घकालीन नैराश्य’ असे केले आणि पुढचा सगळा उतारा त्या नैराश्याच्या छायेत, मोठ्या सहानुभूतीने, लिहून काढला. तिच्या भाषांतरात उंदराच्या मेंदूतला एक सांधा पंधरा मिनिटांच्या उत्तेजनानंतर खिन्न होतो आणि पुढे खिन्नच राहतो. मी लाल शाईने गुण कापले. घरी येऊन त्या जागी नेमका कोणता शब्द हवा होता याचा विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले की तो मलाही सुचत नाही. हाच इंग्रजी शब्द हवामानशास्त्रात ‘कमी दाबाचा पट्टा’ होतो, अर्थशास्त्रात ‘मंदी’ होतो, मानसशास्त्रात ‘अवसाद’ होतो. दोन पेशींमधला निरोप दुबळा होतो आणि दुबळाच राहतो, या घटनेला काय म्हणावे? ‘क्षीणन’ हा शब्द मी स्वतःपुरता मुक्रर केला. बोलताना मात्र ‘ओसरणे’ हेच क्रियापद तोंडात येत राहिले. पूर ओसरतो, ताप ओसरतो, सूज ओसरते, राग ओसरतो. ओसरणाऱ्या वस्तूचा नाश होत नाही. ती मागे हटते, आणि पुन्हा चढू शकते. आमच्या आजोळच्या घरी ज्या जागेवर आम्ही निजत असू तिला ओसरी म्हणत. दोन्ही शब्द मनात एकमेकांशेजारी येऊन बसले. हा व्युत्पत्तीचा दावा नव्हे, सान्निध्याचा आहे.

त्या शब्दात मी इतकी गुंतले याला एक खासगी कारण होते. त्या उताऱ्याच्या आदल्या वर्षी नगरच्या आमच्या सदनिकेत भरदिवसा चोरी झाली होती. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते, यजमान बाहेरगावी. परतले तेव्हा कडीकोयंडा उचकटलेला, कपाट उघडे, आणि आईची मोहनमाळ, तिच्यामागे माझ्याकडे आलेली एकमेव वस्तू, गेलेली. वस्तूचे दुःख यथाकाल कमी झाले. राहिली ती दुसरीच गोष्ट. रात्री कुणाच्याही घराची कडी वाजली की माझे अंग ताठ होई. कुलूप लावून जिना उतरले की लावले की नाही याची शंका येई; पुन्हा वर जाई, ओढून पाही, उतरे, आणि पुन्हा वर जाई. तासाला उशीर होऊ लागला. पंचवीस वर्षे भीतीला ‘भयानक’ रसाचा स्थायिभाव म्हणून वहीत उतरवून घेणाऱ्या आणि देणाऱ्या बाईला ‘स्थायी’ या विशेषणाचा अर्थ असा जिन्यात कळला.

येथे विज्ञानातील एक-दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. त्या मी विशेषज्ञ म्हणून नव्हे, एका शब्दाचा पाठपुरावा करताना वाचल्या. दोन चेतापेशी एकमेकींना जेथे भेटतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तेथे प्रत्यक्ष स्पर्श नसतो. अतिसूक्ष्म फट असते, आणि एका काठावरून सुटलेले रसायन दुसऱ्या काठावरच्या ग्राही रेणूंना जाऊन भिडते. शिकणे म्हणजे या सांध्यांची ताकद बदलणे, ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी 1949 साली आपल्या ग्रंथात मांडली: दोन पेशी वारंवार एकत्र जाग्या झाल्या तर त्यांच्यातला सांधा बळकट होतो. 1973 साली टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात तीव्र स्पंदनांचा झोत सोडून असे बळकट होणे प्रत्यक्ष दाखवले. स्मृतीविषयीचा आपला लोकप्रिय समज या अर्ध्यावरच थांबतो. आपण स्मृतीला कोरीव लेख समजतो, आणि विसरणे म्हणजे त्या लेखावर पावसापाण्याने होणारी झीज, एक अपघात. पण सांधे केवळ बळकटच होत राहिले तर काही काळाने सगळेच सारखे बळकट होतील. ज्या पाटीवर पुसण्याची सोय नाही ती पाटी लवकरच पांढरी होते. म्हणून ओसरण्याचीही एक यंत्रणा असली पाहिजे, आणि ती तितकीच सक्रिय, तितकीच नेमकी असली पाहिजे. तशी ती आहे. विसरणे हेही मेंदूचे काम आहे, हे वाक्य वाचले तेव्हा मला, खरे सांगायचे तर, हायसे वाटले.

या यंत्रणेचे सर्वात विलक्षण रूप अनुमस्तिष्कात दिसते. तेथील पुर्किंये नावाच्या एकेका पेशीवर लाखाहून अधिक बारीक तंतूंचे सांधे असतात, आणि त्यांच्या बरोबरीने एकच एक जाड तंतू तिला वेलीसारखा विळखा घालून असतो. बारीक तंतू परिस्थितीची वार्ता आणतात. वेलीसारखा तंतू क्वचित बोलतो, पण बोलतो तेव्हा पेशीत स्पंदनांचा एक स्फोटच होतो. 1969 साली डेव्हिड मार यांनी असे भाकीत केले की या स्फोटाच्या वेळी जे बारीक तंतू जागे असतील त्यांचे सांधे बळकट होतील. 1971 मध्ये जेम्स अल्बस यांनी उलटे म्हटले: ते क्षीण होतील, कारण हा स्फोट म्हणजे चुकीची खूण आहे. 1982 साली मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशावर प्रयोग करून दाखवले की अल्बस यांचेच बरोबर होते. दोन्ही तंतू एकत्र चेतवले की बारीक तंतूंचे सांधे क्षीण होतात आणि तसेच राहतात. सारे कौशल्य यातूनच घडते, असे मात्र म्हणता येत नाही. हे क्षीणन ज्यांच्यात घडत नाही असे उंदीरही हालचाली शिकू शकतात, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मेंदू एकाच वाटेवर विसंबून नसतो. तरीही मूळ कल्पनेचे मोल उरतेच. हाताला वळण लागते ते योग्य हालचालीची भर पडून जितके, तितकेच चुकीच्या हालचाली गळून. ज्याने कधी कवितेचा कच्चा खर्डा पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता शिंगणापूर. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की घोडेगावला फाटा फुटतो आणि तेथून पाच-सहा किलोमीटरवर नेवासे तालुक्यातले हे गाव लागते. याच तालुक्याच्या ठिकाणी, प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते. ज्या खांबाला टेकून ती सांगितली त्या ‘पैसा’च्या खांबावरून दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले. आम्हा मराठीच्या लोकांना नेवासे ठाऊक असते ते त्या खांबामुळे. बाकीच्या जगाला ठाऊक असते ते शिंगणापूर, दारे नसलेल्या घरांचे गाव. उघड्या चौथऱ्यावर, छपराविना, साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा, तो शनी, आणि तो राखण करतो म्हणून गावातल्या घरांना चौकट असते, दार नसते. ते माझे आजोळ.

लहानपणी मला यात काहीच अद्भुत वाटत नसे. उलट नगरला आमच्या घराला दार आहे याचेच नवल वाटे. आजीच्या घरी रात्री चौकटीला एक फळकूट आडवे टेकवून ठेवत, ते कुत्र्यासाठी. धान्याच्या कणग्या, ट्रंका, आजीचे चार दागिने, सगळे तसेच. नव्वदच्या दशकात भाविकांची गर्दी वाढली, रस्त्याच्या कडेला तेलाची आणि रुईच्या माळांची दुकाने झाली, आणि मग बाहेरचे लोक आमच्या चौकटीसमोर उभे राहून छायाचित्रे काढू लागले. तेव्हा कोठे मला कळले की आपले घर एक चमत्कार आहे. श्क्लोव्स्कीने ज्याला अपरिचितीकरण म्हटले ते माझ्या वाट्याला प्रथम आले ते असे, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून. नंतर तो निबंध वर्गात किती वेळा शिकवला याची गणती नाही.

चोरीनंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे राहायला गेले. आजी कधीच गेली होती. मामा-मामी होते, आणि जुनी ओसरी होती. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अंधारात ती उघडी चौकट एखाद्या आ वासलेल्या तोंडासारखी दिसत राहिली. फळकूट वाऱ्याने हलले की मी उठून बसे. तिसऱ्या रात्री मामी म्हणाल्या, “आगं नीज की आता. काय न्यायचं आन् कुनी न्यायचं?” यात उपदेश नव्हता, झोपमोडीची तक्रार होती. मी पडून राहिले. रात्रीमागून रात्री तेच: चौकट, वारा, फळकुटाचा आवाज, आणि त्यानंतर काहीही न घडणे. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी मी फळकुटाच्या आवाजाला उठेनाशी झाले. तिसऱ्या आठवड्यात तो आवाज ऐकूच येईना. सुट्टी संपत आली तेव्हा मी पहाटेपर्यंत झोपत होते, दारा-कडीविना, ज्या स्त्रीला तीन कुलुपांच्या आत झोप येत नव्हती ती.

पुढे वाचताना ही हकीकत मला एका समुद्री गोगलगायीच्या रूपात पुन्हा भेटली. एरिक कँडेल आणि त्यांचे सहकारी ॲप्लिसिया नावाच्या या प्राण्याच्या नळीला हलकासा स्पर्श करीत. प्राणी कल्ला आत ओढून घेई. स्पर्श पुन्हा पुन्हा झाला आणि त्यामागून काहीच अरिष्ट आले नाही की ओढून घेणे मंदावे. दहा-दहा स्पर्शांची चार सत्रे झाली की हे मंदावणे तीन आठवड्यांहून अधिक टिके. 1978 साली त्यांनी पेशींच्या पातळीवर पाहिले. सवय न झालेल्या प्राण्यांत संवेदनेच्या दहापैकी नऊ पेशींचा निरोप हालचालीच्या पेशीपर्यंत पोहोचत होता. सवय झालेल्यांत दहापैकी तिनांचाच. भयाचा सांधा तोडलेला नव्हता; ओसरला होता. मामींच्या ओसरीवरच्या माझ्या तीन आठवड्यांत याहून काही उदात्त घडले असेल असे मानण्याचा मोह मी टाळते.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. नगरला परतल्यावर पहिल्याच रात्री समोरच्या घराची कडी वाजली आणि सगळे जसेच्या तसे परत आले. तेच ताठ अंग, तोच जिना. तीन आठवड्यांत मेंदूने काय पुसले होते? काहीच पुसले नव्हते का? मानसशास्त्रात हा वाद जुना आहे. पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांपासून दिसत आलेले आहे की ओसरलेली प्रतिक्रिया काळ गेल्यावर आपोआप परतते, आणि जागा बदलली तरी परतते. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की भीती पुसली जात नाही, तिच्यावर ‘येथे धोका नाही’ हा दुसरा धडा लिहिला जातो, आणि तो धडा त्या ‘येथे’शी जखडलेला असतो. दुसऱ्या बाजूला 2014 साली सादेघ नबावी, रॉबर्तो मालिनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग आहे. त्यांनी प्रकाशाच्या स्पंदनांनी विशिष्ट चेतातंतू जागवले आणि त्याच वेळी धक्का दिला. उंदीर त्या जागवण्याला भिऊ लागले. मग त्याच तंतूंवर क्षीणन घडवणारी मंद स्पंदने सोडली, भीती गेली. मग बळकटी आणणारा झोत सोडला. भीती परतली, नवा धक्का न देता. हा प्रयोग वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. भीती ‘गेली’ हे क्रियापद किती निष्काळजीपणे वापरतो आपण!

आपल्याकडे यासाठी अधिक सावध शब्द होता. योगसूत्रांच्या साधनपादात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. त्यातली ‘तनु’ म्हणजे बारीक झालेली, विरळ झालेली; नष्ट नव्हे. प्राचीनांना सिनॅप्स ठाऊक होता असे म्हणण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे तिच्यात मला भर घालायची नाही. त्यांना सांधा ठाऊक नव्हता; पण ओसरलेल्या वस्तूकडे नीट पाहणे ठाऊक होते, आणि भाषांतरकाराला उपयोग असतो तो या पाहण्याचा. नैयायिकांनी स्मृतीचे कारण जो संस्कार मानला त्यालाही त्यांनी वेग आणि स्थितिस्थापक यांच्या पंक्तीत बसवले. ताणलेली फांदी सोडली की मूळ जागी येते, त्या गुणाच्या शेजारी स्मृती! ही पंगत मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आता समीक्षेकडे वळते, कारण या साऱ्याने माझ्या एका जुन्या श्रद्धेला तडा गेला. श्क्लोव्स्कीच्या 1917 च्या निबंधात टॉलस्टॉयच्या दैनंदिनीचा एक दाखला आहे: खोली झाडता झाडता टॉलस्टॉयला आठवेना की कोचावरची धूळ पुसली की नाही, आणि जे अजाणता घडले ते न घडल्यासारखेच असे त्याला वाटले. (माझ्या कुलपाची कथा याहून निराळी नाही, हे जिन्यात उभे असताना मला अनेकदा आठवे.) श्क्लोव्स्कीचे प्रतिपादन असे की सवय जगणे गिळून टाकते आणि कला ते परत करते. सवयीने गिळलेल्या गोष्टींची तो यादी देतो, आणि त्या यादीत युद्धाची भीतीही आहे. पंधरा वर्षे ही यादी मी विद्यार्थ्यांना सांगत आले; तिच्यातल्या शेवटच्या नोंदीवर कधी थबकले नाही. 1917 साली, युद्ध चालू असताना, एक तरुण समीक्षक भीती ओसरण्याला हानी मानतो. पण ज्याच्या अंगात ती भीती घर करून बसली आहे त्याला विचारा! त्याच्या दृष्टीने सवय ही कलेची वैरीण नसून पहिली परिचारिका आहे. अपरिचितीकरणाचा सिद्धान्त मुळात अशा माणसाचा आहे ज्याला रात्री झोप लागते. हे विधान अन्यायाचे आहे याची मला जाणीव आहे. तरी ते मागे घ्यावेसे वाटत नाही.

दुसरा मुद्दा गतीचा. 1992 साली सेरेना डुडेक आणि मार्क बेअर यांनी हिप्पोकॅम्पसच्या कापावर एक साधा प्रयोग केला. स्पंदनांची संख्या कायम ठेवली, नऊशे; बदलला तो फक्त वेग. सेकंदाला एक ते तीन या संथ वेगाने दिलेल्या स्पंदनांनी सांधा क्षीण झाला. सेकंदाला दहाच्या वेगाने फारसा फरक पडला नाही. सेकंदाला पन्नासच्या वेगाने तोच सांधा बळकट झाला. कारणमीमांसाही सुंदर आहे. दोन्ही वेळी पेशीत शिरतो तो कॅल्शियमच. झपाट्याने आणि भरपूर शिरला तर जडणघडण करणारी विकरे जागी होतात, थोडा थोडा आणि बराच वेळ झिरपत राहिला तर फॉस्फेट उतरवणारी विकरे जागी होतात आणि काठावरचे ग्राही रेणू आत ओढून घेतले जातात. तोच पाहुणा, कोणत्या चालीने आला यावर घर ठरवते की ओसरीवर बसवायचे की माघारी वळवायचे.

पुनरावृत्तीने काव्य मरते, असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा आपण संख्या मोजतो, लय मोजत नाही. मर्ढेकरांच्या 1947 च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला. आज त्यांच्या उंदरांच्या कवितेवर माझे विद्यार्थी पाच गुणांची टीप लिहितात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 चा. त्यातल्या शिव्यांचे ‘भाषिक कार्य’ मी स्वतः फळ्यावर चार मुद्द्यांत लिहून दिले आहे. अभ्यासक्रम म्हणजे सेकंदाला एक या वेगाने दिलेली नऊशे स्पंदने! आठवड्याला दोन तास, दरवर्षी तेच पान, त्यामागून परीक्षेखेरीज काहीही न घडणे. फळकुटाचा आवाज ऐकू येईनासा होतो तो असाच. उलट सप्ताहात सात दिवस अखंड पारायण ऐकणाऱ्या माझ्या मामींना त्याच ओव्यांचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही. तेथेही पुनरावृत्तीच आहे, पण तिला झोत आहे, समूह आहे, जागरण आहे. काचेच्या ताटलीतला मेंदूचा काप म्हणजे वाचक नव्हे, आणि या दोहोंमध्ये ‘म्हणून’ हे अव्यय घालण्याचा अधिकार मला नाही. साम्य दाखवून थांबणे एवढेच शक्य आहे. पण त्या साम्याने मी माझे एक काम बदलले. आता ‘गोलपिठा’ वर्षभर पसरून शिकवीत नाही. तीन सलग दुपारी, दारे लावून, मोठ्याने वाचतो. पहिल्या वर्षी दोन मुली उठून गेल्या. त्यांतली एक दुसऱ्या दुपारी परत आली.

आणि तिसरी गोष्ट. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. शिंगणापूर हे निर्भय माणसांचे गाव आहे असे पर्यटकांना वाटते. ते खरे नाही. तेथली भीती नाहीशी झालेली नाही, तिची जागा बदललेली आहे. चोराने भ्यायचे असते. साडेसाती त्याच्या मागे लागते, तो आंधळा होतो, त्याला गावाबाहेरची वाट सापडत नाही, अशा कथा ऐकत आम्ही वाढलो. घर उघडे राहू शकते, कारण चौथरा धाक धरून आहे. आणि त्या धाकाचा एक वाटा आमच्या, म्हणजे बायकांच्या, अंगावर होता. चौथऱ्यावर बायकांनी चढायचे नाही. सहा-सात वर्षांची असताना मी खेळता खेळता पायरीवर पाय ठेवला होता. आजीने दंड धरून असे मागे खेचले की तिची बोटे संध्याकाळपर्यंत उमटलेली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; ती थरथरत होती. पुढे कधी कुणाला मला खेचावे लागले नाही.

1977 साली गॅरी लिंच आणि त्यांचे सहकारी यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पसमध्ये एका वाटेवर स्पंदनांचा तीव्र झोत सोडला की ती वाट बळकट होते, हे ठाऊक होतेच. त्याच वेळी त्याच पेशीवर येणाऱ्या शेजारच्या वाटा, ज्यांच्यावर काहीच सोडलेले नव्हते, त्या क्षीण झाल्या. एकीचे बळ दुसरीच्या ओसरण्याने येते. या प्रकाराला भिन्नसांधी क्षीणन असे काहीसे नाव मराठीत द्यावे लागेल. मला त्याचा अर्थ समजायला आकृतीची गरज पडली नाही. आजीच्या घरातल्या आमच्या निर्धास्त झोपेचा हिशेब त्या पायरीवर मांडलेला होता. आणि चोरीनंतर मामींच्या ओसरीवर माझी एक भीती ओसरली, ती दुसऱ्या एका भीतीच्या छायेत, जिचा मी कधी उच्चारही केला नव्हता.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर गेली आणि त्यानंतर शिळेचे शुद्धीकरण झाले. 1 एप्रिल 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की प्रवेश हा स्त्रियांचा हक्क आहे आणि त्याचे रक्षण करणे शासनाचे काम आहे. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. गावही बदलत होते. जानेवारी 2011 मध्ये तेथे युको बँकेची शाखा उघडली ती काचेचे दार आणि नजरेस न पडणारे विद्युत्चुंबकीय कुलूप लावून. दार नसल्याचा आभास देणारे दार, असे त्याचे वर्णन मी चिन्हमीमांसेच्या तासाला करते आणि मुले हसतात. सप्टेंबर 2015 मध्ये पोलीस ठाणे आले. चोरीच्या तक्रारी त्याआधीही झालेल्या होत्या.

2016 च्या त्या निकालावर मी महाविद्यालयाच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. स्वागताचा, आवेशपूर्ण, आज वाचताना थोडा मोठ्या आवाजाचा. पुढच्या महिन्यात शिंगणापूरला गेले, रांगेत उभी राहिले, आणि पहिल्या पायरीशी माझा उजवा पाय थांबला. विचार थांबला नव्हता. मी उच्च न्यायालयाशी पूर्ण सहमत होते. पाय थांबला होता. मागच्या बाईने ढकलले तेव्हा मी बाजूला झाले आणि प्रसादाचे निमित्त काढून दुकानाकडे वळले. निकालाने नियम एका दिवसात जातो. दंडावरची बोटे जात नाहीत. त्या बोटांना कदाचित तेच लागते जे फळकुटाच्या आवाजाला लागले: पुन्हा पुन्हा जाणे, आणि काहीही न घडणे. ही गोष्ट मी लेखात कधी लिहिली नाही. लेखात तिला जागा नव्हती, असे तेव्हा स्वतःला सांगितले.

गेल्या दिवाळीत मामींबरोबर गेले होते. त्यांना आता सत्तरी उलटून गेली. गुडघे धरलेले, हातात तेलाची बाटली. त्यांनी आयुष्यभर खालूनच हात जोडले. 2016 नंतरही दोनतीन वर्षे खालूनच. मग केव्हा जाऊ लागल्या ते त्यांना नेमके सांगता येईना. “एकदा गर्दीत गेले वर. काय झालं न्हाई. मग जाती आता,” एवढेच. त्या माझा खांदा धरून एकेक पायरी चढल्या. मी दुसऱ्या पायरीपर्यंत गेले. तेथे थांबले, आणि मामींनी मागे न पाहता खांदा सोडून कठड्याला हात घातला. रात्री ओसरीवर अंथरूण घातले. मामेभावाने मागच्या नव्या खोलीला, जेथे तो दुकानाचा माल ठेवतो, लोखंडी सरकते दार बसवले आहे. पुढच्या चौकटीला अजून फळकूटच. साडेदहाच्या सुमारास तो मागचे दार ओढून घेताना खडखडाट झाला, आणि मामी कूस बदलून म्हणाल्या, “ह्या दाराच्या आवाजानं मेली झोप मोडती बघ रोज.”